दुबार हेडर आणि न खोडलेले कलम

मंगळवार, दुपारचे अडीच

आदरणीय व्याहीबुवांच्या सेवेशी,

हात जोडून नमस्कार. (साष्टांगच घातला असता, परंतु गुडघ्याने परवानगी नाकारली आहे, आणि त्याच्याशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही हे मला अनुभवाने पटले आहे.) विहीणबाईंची कंबर आता कशी आहे? मागच्या पत्रात आपण नुसते ‘बरी आहे’ असे लिहिले होते. बरी म्हणजे पूर्वीपेक्षा बरी की असावी तितकी बरी, याचा खुलासा नसल्यामुळे आमच्या घरी त्या एका शब्दावर दोन तट पडले. तरी या वेळी सविस्तर कळवावे. इकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. मनःस्थितीविषयी तसे म्हणता येणार नाही. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवताना मी कशानेही थक्क झालो नाही, आणि गेल्या आठ दिवसांत मात्र ती सगळी थकबाकी एकदम वसूल झाली आहे. कशी, ते क्रमाने सांगतो. पत्र लांबेल. आपण उभी हयात छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवलीत, तेव्हा लांब मजकुराची आपल्याला भीती नसावी.

आपली कन्या, म्हणजे आमच्या सूनबाई, ज्या कंपनीत विभागप्रमुख आहेत तिचे काम राखणदारीचे आहे, हे आपण जाणताच. दुसऱ्यांच्या संगणकांच्या फाटकावर ही कंपनी पहारा ठेवते. चौकीदार म्हणजे माणूस नव्हे, नियमांची एक यादी: अमुक दिसले तर अडवा, तमुक दिसले तर सोडा. असे साडेचारशे नियम तेथे आहेत आणि कोणता नियम नेमके काय करतो हे कोठेही लिहून ठेवलेले नव्हते. (हा माझा पहिला धक्का. साडेचारशे नियम, आणि एकाचीही व्याख्या नाही.) दोन महिन्यांपूर्वी सूनबाई म्हणाल्या, “बाबा, तुम्ही घरात बसून कंटाळलात आणि आम्हाला नीट लिहिणारा माणूस मिळत नाही. रोज चार तास याल का?” या विधानाचा उत्तरार्ध सत्य होता. पूर्वार्ध आमच्या सौभाग्यवतींनी सुचवला असावा असा माझा तर्क आहे, कारण मी कंटाळलेलो नव्हतो. मी घरातल्या सर्वांना त्यांच्या बोलण्यातील विसंगती दाखवून देत होतो. असो. मी गेलो. मला खिडकीजवळचे टेबल, एक संगणक आणि ‘लेखक’ अशी पाटी मिळाली.

आता विषय सांगणे भाग आहे, कारण तो कळल्याखेरीज पुढचे कळणार नाही. बाहेरचा संगणक आत काही मागतो तेव्हा तो एक चिठ्ठीच पाठवतो असे समजावे. चिठ्ठीच्या माथ्यावर ओळी असतात: कोणाकडे, कोणाकडून, मजकूर किती लांब, वगैरे. अशा प्रत्येक ओळीला हेडर म्हणतात. चौकीदार त्या ओळी यादीशी ताडून पाहतो. ‘कोणाकडे’ या ओळीत ‘दालन’ असेल तर सोडतो. ‘कोठार’ असेल तर अडवतो, कारण कोठारात लोकांची खासगी माहिती असते. येथवर सर्व सुसंगत आहे. एके दिवशी मी मफलरवाल्यांना सहज विचारले, की एखाद्याने ‘कोणाकडे’ ही ओळ दोनदा लिहिली, एकदा दालन आणि एकदा कोठार, तर काय होते? (मफलरवाले म्हणजे नियमांची देखभाल करणारे गृहस्थ. गारवा यंत्रांना मानवेल इतका ठेवायचा आणि माणसांनी तो सोसायचा, असा तेथील शिरस्ता असल्यामुळे ते बारा महिने मफलर गुंडाळून असतात.)

“मग मधे स्वल्पविराम टाकून जोडतो,” ते म्हणाले.

“कोण जोडतो?”

“चौकीदार. ‘दालन, कोठार’ अशी एकच ओळ करून टाकतो, आणि ती यादीत बघतो. यादीत नुसतं ‘कोठार’ आहे. ‘दालन, कोठार’ असलं काही नाही. मग सोडतो.”

“आणि आत जो सर्व्हर बसला आहे तो?”

“तो शेवटची ओळ धरतो, काका. कोठार उघडून देतो.” एवढे सांगून ते बिस्कीट बुडवू लागले.

व्याहीबुवा, मी खुर्चीत बसलेलो होतो म्हणून निभावले. एक मनुष्य फाटकाशी येतो, एका दमात दोन परस्परविरोधी विधाने करतो, आणि चौकीदार त्याला जागच्या जागी धरण्याऐवजी दोन्ही विधानांच्या मध्ये आपल्या पदरचा स्वल्पविराम घालून त्याला आत घेतो. ज्या दोषाला आम्ही वदतोव्याघात म्हणतो, म्हणजे बोलणाऱ्याचेच बोलणे बोलणाऱ्याला खोटे पाडते, त्या दोषाची इतकी सरबराई मी पाहिली नव्हती. माझ्या वर्गात एखाद्याने असे केले असते तर त्याला पुढचा तासभर बसता आले नसते. मी त्याच दिवशी कलम ४.२ लिहिले: कोणतेही हेडर एकाहून अधिक वेळा आल्यास ती विनंती तत्काळ अडवावी. खाली कारणमीमांसा, दोन पाने.

तीन आठवड्यांनी तळमजला माझ्या टेबलापाशी आल्या. (सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे तळमजला म्हणतात, कारण त्या सहसा तेथून वर येत नाहीत. आल्या म्हणजे काहीतरी बिघडले आहे असे समजून लोक उभे राहतात.) त्यांनी दाखवून दिले की आपले मोठे गिऱ्हाईक, ज्याची चष्म्यांची चौदा दुकाने आहेत, त्याच्या प्रत्येक चिठ्ठीत एक ओळ दोनदा येते. वाटेत एक मध्यस्थ संगणक बसलेला आहे, आणि तो जुन्या सवयीने आलेलीच ओळ पुन्हा लिहितो. दोन्हींतला मजकूर तंतोतंत एकच. त्यात लबाडी काही नाही. आपले नाव दोनदा सांगणारी भिडस्त माणसे असतात तसेच. “तुमच्या चार-दोनने ही सगळी साधी माणसं बाहेर राहतील, काका,” असे म्हणून त्या खाली गेल्या. विचारान्ती मला कलमात अतिव्याप्ती आढळली, म्हणजे ज्यांना लागू व्हायचे त्यांच्याखेरीज इतरांनाही ते लागू होत होते. म्हणून मी कलम ९.६ लिहिले: दुबार हेडर आले एवढ्यावरून अडवू नये, चौकीदार ज्या जोडओळी बनवतो त्याच यादीत घालाव्यात, ‘दालन, कोठार’ आणि ‘कोठार, दालन’, त्या आढळल्यास अडवावे, अन्यथा सोडावे. कारणमीमांसा, साडेतीन पाने. सर्व शक्यता संपल्या होत्या. मी स्वतः कोष्टक मांडून खात्री केली होती.

आता आपण विचाराल की ४.२ चे काय केले. काही नाही. ते तेथेच ठेवले. प्रथम पूर्वपक्ष मांडायचा, मग त्याचे खंडन करून सिद्धान्त सांगायचा, ही आपल्याकडची वादाची जुनी आणि प्रतिष्ठित पद्धत आहे. पूर्वपक्षच खोडला तर खंडन कशाचे? वाचणाऱ्याला विचाराची वाट दिसली पाहिजे. नुसता मुक्काम दाखवणे ही वाचकाची फसवणूक होय. ४.२ हा पूर्वपक्ष आहे असे वेगळे लिहावे असे मला वाटले नाही, कारण सुशिक्षित वाचकाला ते कळते. (हे विधान त्या वेळी मला स्वयंसिद्ध वाटले होते.)

गेल्या सोमवारी दस्तऐवज लागू झाला. दुकानांचे फाटक मफलरवाल्यांकडे होते. ते कोणताही कागद वरून वाचतात आणि हवे ते सापडले की थांबतात. त्यांना ४.२ सापडले. कोठाराचे फाटक तळमजल्याकडे होते. त्या कागद खालून वाचतात, कारण त्या कार्यालयात नवे ते नेहमी शेवटी चिकटवतात. त्यांना ९.६ सापडले. दोघांनीही अक्षरशः आज्ञापालन केले. सकाळी दहापासून दीडपर्यंत चौदा दुकानांतली एकही चिठ्ठी आत गेली नाही. कोणाचा नंबर निघेना, कोणाचा चष्मा मिळेना. एका दुकानात म्हणे एक गृहस्थ एकच भिंग बसवलेली चौकट डोळ्यांवर ठेवून साडेतीन तास बसून होते आणि भेटेल त्याला अर्धवट ओळखत होते. आणि त्याच वेळी, व्याहीबुवा, दुसऱ्या फाटकाने एक इसम कोठारात जाऊन फिरून आला.

हा इसम खरा चोर नव्हता. गिऱ्हाइकानेच त्याला नेमले होते. पगार घेऊन चोरी करून दाखवणारी माणसे असतात, त्यांची कार्डे छापलेली असतात, आणि चोरी साधली की ते अहवाल देतात, हे ज्ञान मला वयाच्या बाहत्तराव्या वर्षी झाले. त्याने कशालाही हात लावला नाही. कोठारात एक टिपण तेवढे ठेवले: “तीनदा सांगून आलो. कोणी हटकले नाही.” त्याने ‘कोणाकडे’ ही ओळ तीन वेळा लिहिली होती. दालन, दालन, कोठार. दुबार म्हणजे दोनदा, इतकेच कलमाने गृहीत धरले होते. माझे कोष्टक चार चौकटींचे होते, आणि हा गृहस्थ पाचव्या चौकटीतून आला.

बुधवारी संचालकांनी बैठक बोलावली. मीही होतो, पाटीसह. संचालकांसमोर दस्तऐवजाचा एक पानी सारांश होता. तो कोणा माणसाने नव्हे, यंत्राने काढलेला, आणि दुबार हेडरपुढच्या रकान्यात यंत्राने लिहिले होते: “अडवावे, सोडावे.” मधे स्वल्पविराम. मी तो रकाना दोनदा वाचला. तरीही मी उभा राहून पूर्वपक्ष आणि सिद्धान्त यांचे नाते वीस मिनिटे समजावून दिले. शेवटी संचालकांनी विचारले, “सर, ते सगळं ठीक. पण यातलं बरोबर कुठलं?” व्याहीबुवा, मी तोंड उघडले, आणि माझ्या ध्यानात आले की ४.२ अतिव्याप्त आहे आणि ९.६ अव्याप्त (ज्याला अडवायचे तोच सुटतो), म्हणजे मी दोन पूर्वपक्ष लिहिले आहेत आणि सिद्धान्त कोठेच नाही. मी खाली बसलो. तेव्हा आपली कन्या उठली आणि शांतपणे म्हणाली, “सर, कागद तपासून अंतिम करायचं काम माझं होतं. जबाबदारी माझी.” त्याच संध्याकाळी त्यांनी विभागप्रमुखपद सोडत असल्याचे पत्र दिले. येत्या शुक्रवारी बैठक आहे. तोवर काही नवे पुढे आले नाही तर पत्र स्वीकारू, असे संचालकांनी सांगितले आहे. नऊ वर्षे खपून त्यांनी तो विभाग उभा केला आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. घरी आल्यावर त्यांनी मला नेहमीप्रमाणे रक्तदाबाची गोळी आणि पाणी दिले, आणि विचारले, “बाबा, बैठकीत फार थंडी वाजली का?”

मी मनाशी म्हटले, ठीक आहे. त्यांनी कागद तपासला, त्यांना दोष दिसला नाही, अनुमान बरोबर आहे. त्या अनुमानावर मी एक रात्र आणि अर्धा दिवस स्वस्थ होतो. गुरुवारी मफलरवाले खुर्ची ओढून जवळ बसले. “काका, तुम्हाला एक दाखवतो. रागावू नका.” तेथे कागद संगणकावर लिहितात आणि संगणक पुसलेलेही सगळे लक्षात ठेवतो: कोणी, कधी, काय लिहिले आणि किती वेळाने पुसले. (आपल्या छापखान्यात असे यंत्र असते तर किती मैत्र्या तुटल्या असत्या, याची कल्पना करा.) त्यांनी कलम ९.६ चा इतिहास उघडला. दस्तऐवज लागू होण्याच्या अकरा दिवस आधी सूनबाईंनी समासात लिहिले होते: “दोन्ही कलमं काढून एवढंच ठेवायचं का? तीच ओळ कितीही वेळा आली आणि मजकूर एकच असेल तर सोडा. एकदाही वेगळा असेल तर अडवा.” चार मिनिटांनी पुसले. दुसऱ्या दिवशी: “बाबा, ४.२ काढलं तर चालेल का?” पुसले. तिसऱ्या दिवशी, फक्त स्वतःसाठी: “बाबांना विचारणे. जेवणानंतर. मूड बघून.” तेही पुसले. त्यानंतर त्यांनी माझ्या साडेतीन पानांत एकच दुरुस्ती केली होती आणि ती तशीच ठेवली होती. एके ठिकाणी पूर्णविराम राहिला होता, तो दिला होता.

सिद्धान्त होता, व्याहीबुवा. दोन ओळींचा. अतिव्याप्ती नाही, अव्याप्ती नाही, आणि तिसऱ्या, चौथ्या, चाळिसाव्या ओळीलाही पुरून उरणारा. माझ्या साडेपाच पानांच्या समासात तो तीन दिवस ये-जा करत होता आणि त्याला आत यायला कोणी फाटक उघडले नव्हते. मी मफलरवाल्यांना विचारले, सूनबाईंनी लिहिले ते तसेच का ठेवले नाही? ते मफलर सारखा करत म्हणाले, “काका, तुमचा परिच्छेद कोण खोडणार? आम्ही तुमच्या पाटीला पण हात लावत नाही.”

घरी येऊन मी हा सर्व प्रकार सौभाग्यवतींना सांगितला आणि म्हटले, की मला एवढे आश्चर्य आयुष्यात वाटले नव्हते. घरच्या माणसाला माझे एक कलम काढायची भीती वाटावी? त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “लग्नानंतर मी किराण्याच्या यादीतली एक ओळ खोडली होती. आठवतंय? यादी म्हणजे काय हे तुम्ही मला तीन दिवस सांगत होतात.” मी म्हटले, त्या वेळी प्रश्न तत्त्वाचा होता. “प्रश्न साबणाचा होता,” त्या म्हणाल्या. “तिला कुणी शिकवायला नको. आली त्या आठवड्यातच कळलं असेल तिला, की या घरात तुम्ही लिहिलेलं खोडायचं नाही, त्याच्या खाली लिहायचं. फ्रिजवर बघा.” मी जाऊन पाहिले. फ्रिजच्या दारावर दूध कोठे ठेवावे याविषयी मी लिहिलेली सूचना आहे, सात कलमांची. तिच्याखाली चिरंजीवांची एक चिठ्ठी, तिच्याखाली सौभाग्यवतींची, आणि सर्वांत खाली सूनबाईंच्या अक्षरात: “दूध आतल्या कप्प्यात आहे.” ही सात कलमे मी रोज पाहत होतो. त्यांच्या खाली घर नांदते आहे, हे मी त्या गुरुवारी प्रथम पाहिले.

तर असे हे झाले आहे. सूनबाई कोणाचे ऐकतात असे नाही (यात आमच्या घराण्याचा दोष नाही, त्या येथे आल्या तेव्हा तशाच होत्या), परंतु आपला शब्द त्या मोडत नाहीत. तरी आपण वडीलकीच्या नात्याने त्यांना चार शब्द लिहून पत्र मागे घ्यायला सांगावे, ही विनंती. या प्रकरणाला अनेक कारणे आहेत: चौकीदाराची स्वल्पविरामाची खोड, मध्यस्थाची जुनी सवय, दोन वाचकांच्या दोन दिशा, आणि दस्तऐवजाची काहीशी गुंतागुंतीची रचना. ही सर्व विचारात घेता एकट्या सूनबाईंनी भार उचलणे तर्काला धरून नाही, हे आपण त्यांना पटवून द्यावे. विहीणबाईंना नमस्कार.

आपला स्नेहांकित,
व्याही

ता. क. वरील विनंती तूर्त बाजूला ठेवावी. आपण लिहिलेत तरी सूनबाई पत्र मागे घेणार नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. खरे काम निराळे आहे. शुक्रवारच्या बैठकीत वाचण्यासाठी मी एक निवेदन तयार केले आहे. ते चिरंजीवांच्या हाती या पत्रासोबत पाठवीत आहे. ते गुरुवारी परत निघतील. निवेदन अकरा पानांचे आहे. काल सौभाग्यवतींना वाचून दाखवले. सहाव्या पानावर त्या उठून कुकर बंद करायला गेल्या, त्या परत आल्या नाहीत. आपण हजारो पानांवर लाल शाई चालवली आहे, आणि माझ्या कागदाला हात लावायची भीती वाटू नये असा माझ्या नात्यात आपणच एकटे आहात. हे निवेदन कापून द्यावे. कितीही कापावे. मी रागावणार नाही. (रागावलो तरी आपण दोनशे किलोमीटरांवर आहात.)

ता. क. दुसरा. चिरंजीव बूट घालत आहेत. तेवढ्यात निवेदन पुन्हा वाचले, आणि हे पत्रही. दोन्हींत मिळून जे एक वाक्य संचालकांपुढे नव्याने यायला हवे, ते मला कोठेच सापडले नाही. अकराव्या पानावर असावे अशी माझी समजूत होती. तेथे संदर्भसूची आहे. म्हणून ते येथे लिहितो: दोन्ही कलमे मी लिहिली, दोन्ही चुकली, आणि बरोबर उत्तर सूनबाईंचे होते ते माझ्या धाकाने पुसले गेले, चूक माझी आहे. एवढे उचलून निवेदनाच्या जागी ठेवावे आणि बाकीचे सगळे खोडावे. पूर्णविराम राहिला असेल तर द्यावा